मनाची गोळी, कॅन्सरची गाठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. काका ५४ वर्षांचे. मेंदूत ग्लिओब्लास्टोमाची गाठ. ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांचं रेडिएशन झालं, आता महिन्यातून पाच दिवस टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल चालू आहेत आणि फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासेटाम. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली की स्वित्झर्लंडमध्ये डिप्रेशनच्या एका गोळीने मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. ती गोळी, व्हॉर्टिऑक्सेटीन, आपल्याकडेही मिळते. पुतण्या विचारतो, सुरू करू का? आणि जाता जाता एक वाक्य: डॉक्टरांनी मळमळीसाठी ओलान्झापीन लिहून दिलं होतं, पण मेडिकलवाला म्हणाला ही वेड्यांची गोळी आहे, म्हणून काकूंनी ती बंद केली.

आधी सरळ उत्तर. व्हॉर्टिऑक्सेटीन स्वतःहून सुरू करू नका. ओलान्झापीन मात्र डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. म्हणजे घरात जे चाललंय त्याच्या बरोबर उलट. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझी बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात गेली आहेत. मनोविकाराच्या औषधांबद्दलची ही उलटापालट मला दर महिन्याला दिसते. जिथे गोळीचा उपयोग सिद्ध झालाय तिथे लोक तिला घाबरतात आणि जिथे काहीच सिद्ध नाही तिथे ती मागायला येतात. ‘का?’ याचं उत्तर लांब आहे.

बातमी खोटी नाही, हे पहिल्यांदा मान्य करू. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या आणि तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या लोकांनी २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये हे काम छापलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या ताज्या तुकड्यांवर त्यांनी शंभरावर औषधं टाकून पाहिली. त्यात मेंदूवर चालणारी औषधं मुद्दाम घेतली होती, कारण कॅन्सरची बरीचशी औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत आणि मनोविकाराची औषधं शिरतात, तेच तर त्यांचं काम. या सगळ्यांत व्हॉर्टिऑक्सेटीन सर्वांत जोरकस ठरलं. मग उंदरांवर प्रयोग झाला आणि नेहमीच्या उपचाराबरोबर ते दिलं तेव्हा उंदीर जास्त जगले. त्याच लेखकांनी जाहीरपणे सांगितलं की माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत, रुग्णांनी परस्पर ही गोळी घेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमकं हेच वाक्य गळतं.

प्रयोगशाळेच्या ताटलीत पेशी मरणं आणि माणसात गाठ कमी होणं यांत किती अंतर असतं, हे आमच्या औषधांच्या बाबतीत जरा खोलात जाऊन पाहावं लागतं. क्लोरप्रोमाझीन, ट्रायफ्लुओपेराझीन, इमिप्रामीन, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, पिमोझाइड. यातलं कुठलंही उचला, कुठल्या ना कुठल्या कॅन्सरच्या पेशी त्याने मारल्याचे पेपर सापडतील. मी तरुणपणी ते वाचून हरखून जायचो. पण इतकी वेगवेगळी औषधं, मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी, सगळीच कॅन्सरच्या पेशी कशी काय मारतात?

याचं एक उत्तर त्यांच्या रसायनात आहे. या बहुतेक रेणूंचं एक टोक तेलकट आणि दुसरं अल्कलीसारखं असतं. तेलकट असल्यामुळे ते पेशीच्या पडद्यातून सहज आत जातात. पेशीत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात. त्यांना पेशीची कचरापेटी म्हणा, फक्त आत ॲसिड भरलेली. अल्कलीचं टोक त्या ॲसिडमध्ये गेलं की रेणूवर विद्युतभार येतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं. औषध तिथे साठत जातं, चरबी पचवणारं एक एन्झाइम बंद पडतं, पिशवीचा पडदा कमकुवत होतो आणि फुटला तर पेशी स्वतःच्याच पाचक रसाने मरते. कॅन्सरच्या पेशींमध्ये या पिशव्या मोठ्या आणि नाजूक असतात, म्हणून त्या आधी फुटतात. कल्पना खरोखर सुरेख आहे. फ्लुओक्सेटीनचं ग्लिओब्लास्टोमावरचं काम याच वाटेने गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की फ्लुओक्सेटीन नेमकं हे चरबीचं एन्झाइम अडवतं आणि टेमोझोलोमाइडच्या जोडीने गाठ परतणं लांबवतं.

आता हिशोब करू. ताटलीतल्या प्रयोगात औषधाची तीव्रता बहुधा दहा मायक्रोमोलच्या आसपास असते, कधी वीससुद्धा. क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ती नेहमीच्या डोसला एक मायक्रोमोलच्याही खाली राहते. म्हणजे ताटलीतला परिणाम रक्तात हवा असेल तर डोस दहापट. आमच्याकडे नेहमीच्या डोसनेही माणूस दिवसभर पेंगतो, उठताना रक्तदाब पडून घेरी येते, हातपाय ताठरतात. दहापट दिलं तर कॅन्सर राहील बाजूला. काही औषधं रक्तापेक्षा मेंदूत बरीच जास्त साठतात, म्हणून मेंदूच्या गाठीबाबत आशा थोडी जास्त आहे, एवढं खरं. पण कुठल्याही बातमीत ‘पेशी मेल्या’ असं दिसलं की मी पहिल्यांदा तीव्रतेचा आकडा शोधतो. तो माणसाच्या रक्तातल्या आकड्याच्या जवळपास नसेल तर पेपर बाजूला ठेवतो. मिठानेही पेशी मरतात.

डोसचा हा अडसर प्रत्यक्षात कसा आडवा येतो हे डेसिप्रामीन या डिप्रेशनच्या जुन्या गोळीने दाखवलं. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१३ मध्ये संगणकावर जनुकांच्या याद्या औषधांच्या याद्यांशी ताडून पाहिल्या आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसाठी जुनी ट्रायसायक्लिक डिप्रेशनविरोधी औषधं निवडली. उंदरांत छान काम झालं. लगेच माणसांवर छोटी चाचणी सुरू झाली. सहा रुग्ण झाले, कुणाचीही गाठ कमी झाली नाही, डोस वाढवावा तर त्रास सोसवेना, आणि काम थांबलं. ही बातमी कुठल्या ग्रुपवर आली नाही.

डायसल्फिरामची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. ही आपल्याकडची ‘दारू सोडायची गोळी’. व्यसनमुक्ती केंद्रात गेलेल्या घरांना ती माहीत असते. (आणि नवऱ्याच्या भाजीत गुपचूप कालवणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. तसं कधीही करू नका, वरून दारू पोटात गेली तर माणूस मरू शकतो.) या रसायनाचा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. रबर टिकाऊ करायला ते वापरायचे आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे लक्षात आलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. स्वतःवरच गोळ्या घेऊन बसले, मग कुठल्याशा पार्टीत एक घोट घेतला आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड. १९४८ मध्ये ते दारूच्या व्यसनावरचं औषध म्हणून जगासमोर आलं. रबर, जंत, दारू. आता चौथी पाळी कॅन्सरची.

स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेली ३८ वर्षांची एक बाई होती. दारूचं व्यसन जडलं, म्हणून कॅन्सरचे उपचार थांबवून तिला डायसल्फिराम सुरू केलं. ती दहा वर्षं जगली. वारली ती कॅन्सरने नव्हे, दारूच्या नशेत खिडकीतून पडून. शवविच्छेदनात हाडांतल्या गाठी जवळजवळ विरघळलेल्या दिसल्या. अशी एक केस डॉक्टरच्या डोक्यात आयुष्यभर घर करते. २०१७ मध्ये डेन्मार्कच्या यिरी बार्तेक यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये याची यंत्रणा दाखवली. डायसल्फिराम शरीरात मोडल्यावर त्याचा तुकडा तांब्याला चिकटतो आणि तो संयोग पेशीतली खराब प्रथिनं बाहेर काढणारी यंत्रणा अडवतो. पेशी स्वतःच्या कचऱ्यात गुदमरते. याच पेपरमध्ये डेन्मार्कमधल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदवहीतला आकडा होता. कॅन्सर झालेले आणि कधीतरी डायसल्फिराम घेतलेले सुमारे ३,००० लोक, त्यांतल्या १,१७७ जणांनी निदानानंतरही गोळी चालू ठेवली, आणि गोळी सोडलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी.

चौतीस टक्के! यंत्रणा आहे, रुग्णाची गोष्ट आहे, हजारोंची नोंद आहे. मीही तेव्हा म्हटलं होतं की हे जमणार. मग २०२३ मध्ये स्वीडन-नॉर्वेची चाचणी आली. ग्लिओब्लास्टोमा परतलेले ८८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले. एका गटाला केमो, दुसऱ्याला केमो अधिक डायसल्फिराम आणि तांबं. जगण्यात काहीही फायदा नाही. उलट गंभीर त्रास दुसऱ्या गटात दुपटीहून अधिक जणांना.

मग त्या नोंदवहीतल्या ३४ टक्क्यांचं काय झालं? विचार करा, कॅन्सर झाल्यावर दारू सोडायची गोळी कोण चालू ठेवतो? ज्याची तब्येत बरी आहे, ज्याला अजून जगायचंय, ज्याच्यामागे घरचं माणूस गोळी घेऊन उभं आहे. शेवटाला आलेल्या माणसाची ती गोळी डॉक्टरच बंद करतो. म्हणजे गोळीमुळे जगला की जगत होता म्हणून गोळी चालू राहिली, हे नोंदवही सांगू शकत नाही. पंढरीच्या वारीत चालणाऱ्या म्हाताऱ्यांची तब्येत घरी बसलेल्या म्हाताऱ्यांपेक्षा चांगली निघणारच. ज्यांचे गुडघे गेले ते वारीला निघालेच नव्हते. आमच्या क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून वाटणीचा एवढा आग्रह असतो तो यासाठीच. चिठ्ठीला माणसाचे गुडघे दिसत नाहीत.

व्हॅल्प्रोएटचीही तीच गत, फक्त माझ्यासाठी जास्त शिकवणारी. फिट आणि बायपोलर आजाराचं हे औषध माझ्या रोजच्या वापरातलं. २००१ मध्ये कळलं की ते हिस्टोन डीअ‍ॅसिटायलेझ हे एन्झाइम अडवतं, म्हणजे जनुकांची गुंडाळी सैल करतं. कॅन्सरवर नेमकी हीच क्रिया करणारं व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मान्यही झालं. त्यामुळे व्हॅल्प्रोएटबद्दल उत्साह रास्त होता. ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांना फिट येतात, त्यामुळे शेकडो जण ते आधीच घेत होते. टेमोझोलोमाइडच्या मूळ चाचणीतले आकडे पुन्हा चाळले तेव्हा, २०११ मध्ये, व्हॅल्प्रोएटवाले तीनेक महिने जास्त जगलेले दिसले. या आजारात तीन महिने फार असतात. टेमोझोलोमाइडनेच मुळात सरासरी आयुष्य १२.१ वरून १४.६ महिन्यांवर नेलं होतं. त्या काळात अनेक डॉक्टरांनी मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसाठी फिटचं औषध निवडताना व्हॅल्प्रोएटकडे थोडं झुकतं माप दिलं. मीसुद्धा दिलं, लपवत नाही. मग २०१६ मध्ये चार मोठ्या चाचण्यांतल्या १,८६९ रुग्णांचे आकडे एकत्र केले आणि फायदा पुसून गेला. व्हॅल्प्रोएटचाही नाही, लेव्हेटिरासेटामचाही नाही. आता काकांना जे लेव्हेटिरासेटाम आहे ते फिटसाठी आहे आणि त्यासाठी उत्तम आहे. त्यावर चिडचिड वाढली तर मात्र डॉक्टरांना सांगा. ‘आजारामुळे स्वभाव बदलला’ म्हणून घरचे गप्प बसतात, आणि कधीकधी ते त्या गोळीचं काम असतं.

मग या वाटेने कधीच काही हाती लागलं नाही का? लागलं आहे, आणि तेही अशा गोळीतून जिचं नाव घ्यायला डॉक्टर घाबरायचे. थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत कॉन्टेरगान या नावाने झोपेची गोळी म्हणून बाजारात आली, चिठ्ठीशिवाय मिळायची. गरोदर बायकांनी घेतली आणि हात-पाय खुंटलेली दहा हजारांवर मुलं जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस ती बाजारातून गेली. १९६४ मध्ये जेरुसलेमला याकोब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला केवळ झोप लागावी म्हणून ती दिली, आणि अंगावरच्या वेदनादायक गाठी उतरल्या. कुष्ठरोगाच्या त्या प्रतिक्रियेवर ती आजही वापरतात. पुढे लक्षात आलं की ती नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. गाठीला रक्त लागतं, म्हणून कॅन्सरवर करून पाहावं असा विचार पुढे आला. १९९९ मध्ये सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींच्या कॅन्सरच्या) ८४ रुग्णांचे निकाल छापले, बाकी सगळे उपचार थकलेले. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत फरक दिसला. २००६ मध्ये अमेरिकेत मायलोमासाठी मान्यता मिळाली. ती नेमकी कशाला चिकटते, सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला, हे जपानी शास्त्रज्ञांना २०१० मध्ये सापडलं. म्हणजे आधी उपयोग, कारण नंतर. तिच्याच घराण्यातलं लेनालिडोमाइड आज आपल्याकडच्या मायलोमाच्या रुग्णांच्या फाइलमध्ये सर्रास दिसतं.

थॅलिडोमाइड आणि डायसल्फिराम यांच्यात मला एक फरक दिसतो. थॅलिडोमाइड सोसवणाऱ्या डोसलाच काम करत होतं, आणि सगळे उपाय संपलेल्या माणसांत, रक्ताच्या तपासणीवर मोजता येईल असा फरक दाखवत होतं. आकडेशास्त्राची कसरत लागली नाही.

दुसरी वाट म्हणजे आमच्या गोळीतून कुलूप कळतं आणि चावी नवी घडवली जाते. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा डी-२ ग्राहक, म्हणजे पेशीवर ते रसायन जिथे बसतं ती जागा, हे आमच्या स्किझोफ्रेनियावरच्या सगळ्या जुन्या औषधांचं मुख्य ठिकाण. डॉर्डाव्हिप्रोन नावाचं औषध तिथेही बसतं, शिवाय पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातलं (ऊर्जा बनवणाऱ्या भागातलं) एक एन्झाइम चेतवतं, आणि खरी करामत बहुधा त्या दुसऱ्या कामात असावी. मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या, एक विशिष्ट जनुकबदल असलेल्या ग्लिओमासाठी त्याला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; पन्नासांतल्या २२ टक्के रुग्णांत गाठ कमी झाली होती. काकांच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये तो बदल आहे का, हे विचारायला हरकत नाही. चोपन्नव्या वर्षी तो असण्याची शक्यता कमी, पण प्रश्न फुकट आहे.

आता काकूंनी बंद केलेल्या गोळीकडे येतो. ओलान्झापीन हे स्किझोफ्रेनियाचं औषध आहे, हे खरं. पाकिटातल्या कागदावर तेच छापलेलं असतं. पण ओकारीची सूचना मेंदूत ज्या ग्राहकांवरून जाते, डोपामिनचे, सेरोटोनिनचे, हिस्टामिनचे, ते सगळे ते एकाच वेळी अडवतं. उलटीचं नेहमीचं औषध यातलं एखादंच दार बंद करतं. क्लोरप्रोमाझीनचा इतिहासही असाच आहे. १९५२ मध्ये वेडावरचं पहिलं औषध म्हणून ते गाजलं खरं, पण त्याआधी ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांना शांत ठेवायला वापरलं गेलं, आणि त्याचे पूर्वज ॲलर्जीच्या औषधांत, त्यांचेही पूर्वज कापडाच्या रंगांत. कुठल्याच औषधाची जात जन्मावर ठरत नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेत ३८० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सगळ्यांना तीव्र उलटी आणणारी केमो, सगळ्यांना उलटीची तीन नेहमीची औषधं. निम्म्यांना वर १० मिलिग्रॅम ओलान्झापीन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पहिल्या दिवशी मळमळच झाली नाही असे रुग्ण: ७४ टक्के आणि ४५ टक्के. उलटी थांबवणं सोपं असतं, मळमळ थांबवणं अवघड. म्हणून हा आकडा मोठा. अडचण एकच, १० मिलिग्रॅमने माणूस दोन दिवस उठत नाही.

यावर उत्तर मुंबईतून आलं, आणि ते सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २६७ रुग्णांवर १० मिलिग्रॅमची तुलना केवळ अडीच मिलिग्रॅमशी केली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ते आलं. उलटीवर पूर्ण ताबा: अडीचवर ४५ टक्के, दहावर ४४. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी: अडीचवर ५ टक्के, दहावर ४०. चौथा हिस्सा डोस, तेवढंच काम. लोकलने सेंटरला येऊन, केमो घेऊन, संध्याकाळी कल्याण-कर्जतला परतणाऱ्या बाईसाठी या फरकाचा अर्थ काय, हे सांगायला नको. पुदुच्चेरीच्या जिपमेर रुग्णालयात तर हीच अडीच मिलिग्रॅमची गोळी भुकेसाठी तपासली. पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरचे रुग्ण, बारा आठवडे रोज गोळी. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले ६० टक्के, खोट्या गोळीवर ९ टक्के. ज्या घरात ‘दोन घास तरी खा’ हे दिवसातून दहा वेळा म्हटलं जातं त्यांना हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. मनोविकाराच्या रुग्णांना ज्या दुष्परिणामासाठी मी कायम सावध करतो, वजन वाढणं, तो इथे उपचार झाला.

याच माळेतली आणखी दोन नावं पटकन. केमोने हातापायांच्या नसांना झालेल्या दुखण्यावर ड्युलॉक्सेटीन, डिप्रेशनची गोळी. २०१३ मध्ये २३१ रुग्णांच्या चाचणीत उपयोग दिसला. आणि स्तनाच्या कॅन्सरनंतर अंगातून निघणाऱ्या गरम वाफांवर व्हेनलाफॅक्सीन. हे सगळं गाठ मारत नाही. माणसाला केमो पूर्ण करता येते, जेवता येतं, झोपता येतं.

पुतण्याने विचारलं नाही, पण एक धोका सांगायलाच हवा, कारण ‘डिप्रेशनची गोळी कॅन्सरवर चांगली’ ही बातमी वाचून कुणाची आई ती घेऊ शकते. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांच्या यकृतात ते औषध एका एन्झाइमने खऱ्या कामाच्या रूपात बदलतं. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन तेच एन्झाइम जाम करतात. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या २,४३० बायकांची नोंद २०१० मध्ये छापली गेली. टॅमॉक्सिफेनच्या काळात पॅरॉक्सेटीन जितका जास्त वेळ चालू, तितके स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू जास्त. हीही नोंदवहीच, वारीचा आक्षेप इथेही घेता येईल. पण दुसऱ्या गोळ्या हाताशी असताना मी ही जोडी कधीच लिहीत नाही. (गंमत अशी की उलट दिशेने, टॅमॉक्सिफेनचा उन्मादावर उपयोग होतो का यावरही छोट्या चाचण्या झाल्या आहेत, आणि निकाल बरे आहेत. औषधं दोन्ही बाजूंनी फिरतात.)

काकांच्या बाबतीत व्हॉर्टिऑक्सेटीन परस्पर घेण्यात नेमका काय धोका? टेमोझोलोमाइडने प्लेटलेट कमी होतात, आणि व्हॉर्टिऑक्सेटीनसारख्या सेरोटोनिनवरच्या गोळ्या उरलेल्या प्लेटलेटची चिकटण्याची ताकद घटवतात, म्हणजे रक्तस्रावाची भीती. ऑपरेशन झालेल्या मेंदूत हे नको. सोडियम खाली जाऊ शकतं, ते गेलं की फिट. व्हॉर्टिऑक्सेटीनचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे मळमळ, जी काकांना आधीच आहे. आणि डॉक्टरांना न सांगता सुरू केली तर पुढच्या वेळी काका गोंधळले, पडले, ओकले, तर ते गाठीमुळे, सुजेमुळे की गोळीमुळे हे कुणालाच कळणार नाही. मी अशा रुग्णाचा एमआरआय दोनदा झालेला पाहिलाय, आणि कारण उशीखालच्या पाकिटात होतं.

काकांना खरंच उदास वाटत असेल, रात्र रात्र जागत असतील, बोलणं सोडलं असेल, तर तो वेगळा विषय. मेंदूच्या गाठीत डिप्रेशन खूप आढळतं आणि त्यावर गोळी द्यायलाच हवी. त्यासाठी त्यांना घेऊन या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, कॅन्सरची पूर्ण फाइल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. कदाचित तो एस्सिटॅलोप्रॅम देईल, कदाचित सर्ट्रालीन. ती मनासाठी असेल.

जुन्या औषधाला नवं काम द्यायचं असेल तर कसं द्यावं, याचा नमुना बघायला फार लांब जावं लागत नाही. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं भूल देणारं लिडोकेन टोचलं तर काय होतं, हे डॉ. राजेंद्र बडवे यांनी भारतातल्या अकरा केंद्रांत १,६०० बायकांवर चिठ्ठ्या टाकून तपासलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. इंजेक्शनला खर्च किरकोळ. पेटंट संपलेल्या औषधावर एवढी मोठी चाचणी करायला कंपनी पैसे घालत नाही, कारण परतावा कुणाला मिळणार? ते सरकारी किंवा धर्मादाय पैशांतूनच होतं, आणि म्हणूनच कमी होतं. व्हॉर्टिऑक्सेटीनची अशी चाचणी आपल्याकडे सुरू झाली तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियावर दिसेल. तिथे ‘ग्लिओब्लास्टोमा’ टाकून अधूनमधून शोधा, आणि काही सापडलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. चाचणीत भाग घेतला तर गोळी देखरेखीखाली मिळेल, रक्त तपासलं जाईल, आणि काकांचा अनुभव पुढच्या माणसाच्या कामी येईल.

ओलान्झापीनबद्दल काकूंना एवढं सांगा की ही गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी काकांना वेडं ठरवलं असं नाही. डोस किती, फक्त कॅप्सूलच्या पाच दिवसांपुरता की रोज, हे डॉक्टरच सांगतील. मी बहुतेकांना रात्री झोपताना घ्यायला सांगतो. साखर असेल तर ती आधी सांगा आणि मधूनमधून तपासा, विशेषतः डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू असेल तर, कारण दोन्ही साखर वाढवतात. पहिल्या एक-दोन सकाळी काका उशिरा उठतील, उठताना पलंगावर मिनिटभर बसू द्या, मग उभं करा. दुपारी जेवायलाही जागे होत नसतील तर मात्र वाट पाहू नका. डोस जास्त झालेला असेल किंवा मेंदूला सूज असेल. त्याच दिवशी फोन करा.